दीड फेरा

कर्मचारी माहिती पत्रक (अद्ययावत). नाव : श्री. सुखदेव रतन ओव्हाळ. वय : सत्तावन्न. राहणार : हडपसर. हुद्दा : वातानुकूलन यंत्रचालक, कायम. उंची : पाच फूट चार इंच. ओळखीची खूण : उजव्या पंजावर पांढरा डाग. शारीरिक क्षमता : उत्तम. कर्तव्य : तिसऱ्या मजल्यावरील हृदय शस्त्रक्रियागृह व त्यालगतचा शस्त्रक्रियोत्तर कक्ष यांचे तापमान विहित मर्यादेत राखणे. सदर कामी वापरावयाचे साधन : दोन्ही दालनांच्या मधल्या दाराशेजारी बसविलेला थर्मोस्टॅट. वर्तणूक : समाधानकारक.

या पत्रकात दोन चुका आहेत. पहिली शारीरिक क्षमतेबद्दलची. ती पुढे तीन ठिकाणी तुंबलेली निघाली. दुसऱ्या चुकीकडे यथावकाश येऊच.

ओव्हाळांच्या घरात थंडी हा पोटापाण्याचा विषय होता. वडील, रतन ओव्हाळ, बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढत. त्यांचे हात बारा महिने गार असायचे आणि लहानपणी ताप आला की सुखदेवच्या कपाळावर ओल्या फडक्याऐवजी वडिलांचा पंजाच ठेवला जाई. पुढे घरोघरी फ्रिज आले, लाद्यांचं गिऱ्हाईक आटलं आणि रतनरावांनी मुलाला सांगितलं, “थंडी सोडू नको. फक्त लादी सोड.” मुलानं आयटीआयला रेफ्रिजरेशनचा कोर्स केला आणि पेठांच्या कडेला असलेल्या एका जुन्या रुग्णालयाच्या तळघरात रुजू झाला. पंजावरचा डाग तिथल्या पहिल्याच वर्षातला. पाइप फुटून गॅस अंगावर आला की माणूस गारव्यानं भाजतो, ही माहिती ओव्हाळ प्रत्येक नव्या माणसाला देत आणि नवा माणूस ती चेष्टा समजत असे.

रुग्णालयातली व्यवस्था समजायला सोपी होती. तळघरातली यंत्रं पाणी गार करतात. ते पाणी पाइपांतून वर जातं. प्रत्येक मजल्यावर एका लहानशा खोलीत त्या पाइपांवरून वारा फिरवतात आणि तोच वारा दालनांत सोडतात. पाणी जास्त सोडलं की गारवा जास्त. अडचण इतकीच की इमारत जुनी, आणि तिसऱ्या मजल्यावर शस्त्रक्रियागृह आणि शेजारची रिकव्हरी, दोन्ही एकाच नळावर. म्हणजे एका खोलीत ज्याला गार हवं आणि दुसऱ्या खोलीत ज्याला ऊब हवी, त्या दोघांचं नशीब एकच.

गार हवं असे ते डॉ. सलिल आगाशे यांना. त्यांचंही बरोबर होतं. अंगावर दोन झगे, डोक्यावर दिवा, चार-चार तास उभं राहायचं आणि समोर कुणाची तरी उघडी छाती. ऊब हवी असे ती रिकव्हरीच्या प्रमुख हेमा सिस्टरांना. परिणामी मधल्या दाराशेजारचा थर्मोस्टॅट आगाशे जाता-येता अठरावर आणत आणि सिस्टर येता-जाता चोवीसवर नेत. दिवसातून अकरा वेळा हे व्हायचं. तळघरातलं यंत्र चालू-बंद, चालू-बंद होऊन ठप्प पडायचं आणि मग दोघंही एकाच सुरात ओव्हाळांना बोलवायचे. पुण्यात असे वाद मिटवायला पाटी लावतात. ओव्हाळांनी पाटी लावली नाही. सोळा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी त्यांनी थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, आतली वायर काढून घेतली आणि झाकण परत बसवलं. त्या दिवसापासून सगळ्यांना हवं ते तापमान मिळू लागलं.

निदान तशी समजूत झाली. आगाशे अठरावर आणत आणि समाधानानं कपाळ पुसत. खरा कारभार ओव्हाळ तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लहानशा खोलीत, गार पाण्याच्या पाइपावरच्या लाल चाकानं करत होते. कुणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या महिन्यात हेमा सिस्टरांचा फोन आला.

“ओव्हाळ, पूर्वी हे बटण फिरवलं की टक् वाजायचं.”

“हो, सिस्टर.”

“आता वाजत नाही.”

“जुनं झालंय.”

“जुनं झालं की जास्त वाजतं. वायर कुठंय?”

“माझ्या टेबलाच्या खणात.”

“राहू दे तिथं. माझी तक्रार नाही. पण यापुढे माझा पेशंट थिएटरमधून बाहेर यायच्या आधी मी तुम्हाला फोन करणार, आणि तुम्ही वर येऊन जे काय फिरवता ते फिरवणार.”

“प्रत्येक पेशंटला? सिस्टर, तळघरातून तिसरा मजला आहे.”

“या वर. दाखवते कशासाठी ते.”

ओव्हाळांना टोपी, मास्क आणि झगा चढवून त्यांनी दुसऱ्या खाटेपाशी नेलं. त्या खाटेवर कुठल्याशा शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. सकाळीच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, तोंडात नळी, डोळे मिटलेले आणि सगळं अंग थरथरत होतं. इतकं की खाटेचा कठडा वाजत होता. वरच्या पडद्यावर हृदयाची जी रेषा स्वच्छ दिसायला हवी ती केसाळ झाली होती, सुतळीसारखी.

“हात लावा इथं,” सिस्टर म्हणाल्या आणि ओव्हाळांची बोटं त्यांनी मुख्याध्यापकांच्या जबड्याखाली ठेवली. “आधी इथं कळतं. मग मानेत, मग छातीत. खाट वाजायला लागली म्हणजे मला उशीर झाला.”

“थंडी वाजतेय त्यांना.”

“थंडी तुम्हाला आम्हाला वाजते. हे राबतायत. ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरवतात, अंग मुद्दाम गार करतात. नंतर परत ऊब देतात, पण ती आतल्या आत, हातपाय गारच. भूल उतरायला लागली की शरीराला कळतं, अरे, आपण गार पडलोय. मग ते सगळे स्नायू एकदम कामाला लावतं. त्याला ऑक्सिजन लागतो, नेहमीच्या दुप्पट, कधी तिप्पट. आणि तो पोचवायचा कुणी? ज्याला आत्ताच टाके घातलेत त्या हृदयानं.”

“म्हणजे झोपल्या झोपल्या...”

“झोपल्या झोपल्या पर्वती चढतायत. पळत.”

ओव्हाळांना माणसाच्या शरीरातलं फारसं कळत नव्हतं, पण लोडविषयी सगळं कळत होतं. नुकत्याच दुरुस्त केलेल्या मोटरवर पहिल्याच दिवशी पूर्ण लोड टाकणाऱ्याला त्यांच्या धंद्यात काय म्हणतात, ते सिस्टरांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. ते त्या खोलीत गेले, लाल चाक फिरवलं आणि दाराआडून बघत उभे राहिले. सिस्टरांनी औषध दिलं, गरम हवेचं पांघरूण घातलं आणि हळूहळू वरून येणारा वाराही मवाळ झाला. अर्ध्या तासानं सुतळीची परत रेषा झाली.

किती फिरवायचं, हे त्यांनी पुढच्या काही आठवड्यांत ठरवलं. एक फेरा कमी पडत होता. दोन फेरे केले तर इथं अडवलेलं गार पाणी खालच्या मजल्याकडे वळत होतं आणि खाली बाळंतिणींचा वॉर्ड होता. एकदा त्यांनी दोन करून पाहिले. नऊ बाळंतिणींच्या नऊ आया एकदम ऑफिसात गेल्या. तेव्हापासून दीड. ऑपरेशन चालू असताना चाक सैल; शेवटचे टाके पडायला लागले की दीड फेरा आवळायचा. चाकावर खूण म्हणून त्यांनी चिंधीची गाठ बांधली. गाठ भिंतीकडे म्हणजे आगाशे. गाठ दाराकडे म्हणजे सिस्टर.

सोळा वर्षं हे चाललं. आतल्या फोनवर तळघरातला सत्तावीस नंबर वाजे. सिस्टर म्हणत, “येतोय.” ओव्हाळ म्हणत, “आलो.” या दोघांत सोळा वर्षांत झालेलं संभाषण एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि पत्त्यालाही जागा उरली असती.

हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहायचं म्हणजे आधी वायर काढल्याचं लिहावं लागलं असतं. नोंदवहीत ओव्हाळ रोज सुवाच्य अक्षरात ‘तापमान थर्मोस्टॅटद्वारे समायोजित’ असं लिहीत. देखभालीच्या कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येई, बटण इकडून तिकडे फिरवून पाही आणि ‘तपासले, योग्य’ असं चिकटवून जाई. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बटण छान फिरत होतं.

बोलायचे ते घरी. पत्नी द्वारकाबाई अंगणवाडी सेविका. दिवसभर चाळीस मुलांचं ऐकून घरी आल्यावर त्यांना शांतता हवी असे. समोर ताट आलं की ओव्हाळ सुरू होत. “आज तीन केसेस. तिसऱ्याला एवढं शरीर, पण दीड फेऱ्यात गप्प.” द्वारकाबाई म्हणत, “भाजी घ्या.” “काल नव्या सिस्टरनं बटण सव्वीसवर नेलं, म्हणे आता कसं छान वाटतंय.” “भाजी घ्या, गार होतेय.” आपण यातलं काही ऐकत नाही, असं द्वारकाबाईंचं ठाम मत होतं. विहारात, पौर्णिमेला, बायका नवऱ्यांविषयी बोलू लागल्या की त्या सांगत, “आमचे हे जेवताना एका चाकाशी बोलतात. मी मधे पडत नाही.”

आजार ओळखला तो हेमा सिस्टरांनी, आणि तोही फोनवर. गेल्या दिवाळीनंतर एकदा, गाठ दाराकडे वळवून ओव्हाळ खाली आले, तेवढ्यात सत्तावीस नंबर पुन्हा वाजला.

“ओव्हाळ, तुम्हाला ‘आलो’ म्हटल्यापासून वर पोचायला पूर्वी तीन मिनिटं लागायची.”

“बरोबर.”

“हल्ली सात लागतात. मधे कुठं थांबता?”

“दुसऱ्या मजल्यावर. जरा दम...”

“छातीत?”

“जरासं.”

“आता जिना चढू नका. आहात तिथंच बसा. मी कुणाला तरी पाठवते.”

तपासण्या झाल्या. आगाशेंनी पडद्यावर चित्र दाखवलं.

“ओव्हाळ, तीन रक्तवाहिन्या.”

“किती टक्के, सर?”

“सत्तर, ऐंशी आणि ही नव्वद.”

“साफ नाही करता येणार?”

“या नाही. बायपास करावी लागेल. तुम्ही काय करता असं पाइपांना?”

“आम्हीपण बायपासच टाकतो. फक्त आधी पंप बंद करतो.”

“आम्हीपण,” आगाशे म्हणाले.

तारीख जानेवारीतल्या एका गुरुवारची ठरली. ओव्हाळांच्या जागी तीन महिन्यांसाठी कंत्राटदाराकडून श्रीधर नावाचा तरुण इंजिनिअर आला. हुशार, नीटनेटका, लॅपटॉपवर सगळ्या इमारतीचं ड्रॉइंग. ओव्हाळांनी त्याला चार पानी चार्ज लिहून दिला. कोणत्या पंपाचा आवाज ऐकून घाबरायचं नाही, कोणत्या पंपाचा आवाज थांबला तर घाबरायचं, किल्ल्या, तेल, सगळं. दीड फेरा त्यात नव्हता. चार्जच्या कागदावर प्रशासनाची सही लागते. सही करणारा वाचण्याचा संभव फार नसला तरी असतो. तेव्हा ही एक गोष्ट तोंडी सांगायची, निघायच्या आदल्या दिवशी, चहा घेताना, असं ओव्हाळांनी ठरवलं. आयुष्यभर कागदाचा मान राखणाऱ्या माणसालाच अशी चूक सुचते. शनिवारी दुपारी आगाशेंचा निरोप आला : सोमवारची केस पुढं गेलीय, तुम्ही उद्याच भरती व्हा. चहा राहिला.

सोमवारी सकाळी साडेआठला ओव्हाळ थिएटरच्या टेबलावर होते. बत्तीस वर्षांत या खोलीत ते पहिल्यांदाच आडवे झाले. वरच्या जाळीतून येणारा वारा त्यांच्या कपाळावर पडला.

“अठरा,” ते म्हणाले.

“साडेअठरा,” भूलतज्ज्ञ आकडा बघून म्हणाले. “वा. आता मागं मोजा. शंभर, नव्व्याण्णव...”

ओव्हाळांना तेव्हा आठवलं. “दीड फेरा,” ते म्हणाले. “श्रीधरला सांगा, दीड फेरा.” भूलतज्ज्ञांनी ते ऐकलं आणि मान हलवली. भूल चढताना लोक काहीही बोलतात. मागच्या आठवड्यात एका गृहस्थांनी मिसळ मागवली होती, वर कट वेगळा द्या म्हणून.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुपारी सव्वा वाजता शेवटचे टाके पडत असताना हेमा सिस्टरांनी फोन उचलला आणि सवयीनं सत्तावीस नंबर लावला.

“येतोय.”

“हॅलो? कोण येतंय, मॅडम?” श्रीधर म्हणाला.

आपण कुणाला फोन केला आणि टेबलावर कोण आहे, हे सिस्टरांना तेव्हा एकदम कळलं.

“रिकव्हरीत ऊब हवीय. लगेच.”

“मॅडम, तुमच्या वॉलवर थर्मोस्टॅट आहे ना? तिथून सेट करा. माझ्याकडे सगळं ऑटोवर दिसतंय.”

“त्याला वायर नाही.”

“ड्रॉइंगमध्ये आहे, मॅडम.”

“ओव्हाळ काय फिरवायचे, काही सांगितलंय त्यांनी?”

“चार पानं दिलीयत. थांबा, बघतो.” पानं उलटल्याचा आवाज आला. “फिरवायचं असं काही नाहीये.”

तोवर खाट आत आली. पहिल्या नंबरची, नेमकी जाळीखालची. बाकीच्या दोन भरलेल्या होत्या. अंगाचं तापमान पस्तीस पूर्णांक एक; हवं होतं सदतीस. सिस्टरांनी गरम हवेचं पांघरूण घातलं, नळ्या लावल्या आणि ओव्हाळांच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवली. दहा मिनिटं काही नव्हतं. मग भूल उतरायला लागली आणि बोटांखाली अगदी बारीक, दूरवर कुठंतरी यंत्र चालू झाल्यासारखं कळलं. मग मानेत. मग छातीत. वरची रेषा सुतळीसारखी झाली.

आगाशे आले. त्यांनी औषध सांगितलं. अर्धी मात्रा दिल्याबरोबर रक्तदाब खाली सरकला, म्हणून उरलेली राखून ठेवावी लागली. पडद्यावर आणखी एक आकडा होता : अंगभर फिरून परत आलेल्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय त्याचा. तो पासष्ट होता, अठ्ठावन्न झाला, बावन्न झाला. म्हणजे शरीर आणलेलं सगळं खाऊन टाकत होतं आणि आणखी मागत होतं. आणणारा एकच, आणि तो चार तासांपूर्वी बंद होता. हे असंच चाललं तर तो पुन्हा बंद पडू शकतो, हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही.

“इथं एवढं गार का आहे?” आगाशे म्हणाले. “मी आत्ताच सव्वीसवर केलंय.”

“सर, त्या बटणाला वायर नाही.”

“कधीपासून?”

“सोळा वर्षं झाली.”

आगाशेंनी बटणाकडे पाहिलं. “पण मी कमी केलं की मला गार लागायचं.”

“हो, सर.”

“लगेच लागायचं.”

“हो, सर. मी बाहेर जाऊन येते दोन मिनिटं.”

बाहेर बाकावर द्वारकाबाई अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनाचं रजिस्टर पुरं करत बसल्या होत्या. हात स्थिर राहावा म्हणून त्यांनी ते मुद्दाम आणलं होतं.

“वहिनी, ओव्हाळ घरी कामाचं काही बोलतात का?”

द्वारकाबाईंनी पेन खाली ठेवलं. “तीस वर्षांत दुसरं काही बोललेले मला तरी आठवत नाहीत. का, काय झालं?”

“रिकव्हरी गरम करायला ते काय करतात?”

“दीड फेरा.”

“कशाचा?”

“लाल चाकाचा. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या मागं खोली आहे, तिथं. घड्याळाच्या दिशेनं. गाठ दाराकडे आली पाहिजे.” बोलता बोलता त्या उभ्या राहिल्या. “सिस्टर, हे कुडकुडतायत का?”

सिस्टरांनी मान डोलावली.

“पर्वती चढतायत?”

“हो.”

रजिस्टर मिटलं. “खोलीची किल्ली कुणाकडं?”

श्रीधर किल्ली आणि लॅपटॉप घेऊन वर आला तेव्हा द्वारकाबाई दारापाशी उभ्या होत्या. दारावर ‘अनधिकृत व्यक्तींस प्रवेश निषिद्ध’ असं लिहिलेलं होतं. पाटी ओव्हाळांनीच रंगवली होती. अक्षर द्वारकाबाईंच्या ओळखीचं होतं.

“काकू, तुम्हाला आत अलाऊड नाहीये.”

“मग तू जा. पाइप तीन आहेत. मधला. त्यावर लाल चाक.”

श्रीधरनं दार उघडलं. पाइप तीन होते. मधल्यावर लाल चाक होतं. त्यानं लॅपटॉप उघडून पाहिलं.

“काकू, हा व्हॉल्व्ह ड्रॉइंगप्रमाणे फुल ओपन ठेवायचाय. मी असा हात नाही लावू शकत. लिखित काही असेल तर...”

“छाती कुणाची उघडली होती, बाळा? ड्रॉइंगची?”

“तसं नाही, पण जबाबदारी...”

“माझी. लिहून घे. द्वारका सुखदेव ओव्हाळ, अंगणवाडी सेविका. सरक.”

त्या आत गेल्या. या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, पण डाव्या हाताला वाकलेलं पत्र्याचं कपाट असणार, खाली पाणी ठिबकतं म्हणून डबा असणार आणि त्या डब्याला पाय लागणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी डबा ओलांडला. चाकाला हात घातला आणि थांबल्या.

गाठ भिंतीकडे होती. चिंधी काळी पडली होती, तरी काठ ओळखू येत होता. त्यांची जांभळी साडी. जराशी उसवली तेव्हा ओव्हाळांनी कात्रीनं वीतभर काठ कापून घेतला होता. “कशाला?” “लागतो.” एवढंच झालं होतं तेव्हा. पुढं जेवताना गाठीविषयी शंभर वेळा ऐकलं, पण ती कशाची, हे ते कधी बोलले नव्हते.

“काकू?” श्रीधर म्हणाला.

“काय, मोजू दे की.”

चाक जड होतं. पदर खोचून त्यांनी दोन्ही हातांनी आवळलं. अर्धा. एक. दीड. गाठ दाराकडे आली.

“अजून अर्धा करू का मी? पटकन गरम होईल,” श्रीधर म्हणाला. आता त्यालाही उत्साह आला होता.

“हात नको लावू. खाली बाळंतिणी आहेत.”

हे वाक्य श्रीधरला समजलं नाही, पण त्यानं हात काढला.

रिकव्हरीत पाच-सात मिनिटांनी जाळीतून येणाऱ्या वाऱ्याची धार गेली. सिस्टरांच्या टेबलावरचं साधं थर्मामीटर अठरावरून एकोणिसावर आलं, मग वीस, मग बाविसावर जाऊन थांबलं. पांघरुणाखालची ऊब आता पांघरुणाखाली राहू लागली. रक्तदाब सावरला तशी औषधाची उरलेली अर्धी मात्रा दिली गेली. सिस्टर जबड्याखालची बोटं न काढता उभ्या होत्या. आधी छाती शांत झाली, मग मान. बावन्नचा आकडा पंचावन्न झाला, साठ झाला. शेवटी बोटांखालचं यंत्र बंद झालं आणि वर एक स्वच्छ रेषा चालू लागली. आगाशे आकड्यांकडे बघत होते. मग ते मधल्या दाराकडे गेले, बटणापाशी थांबले आणि न फिरवता आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हाळांच्या तोंडातली नळी काढली. घसा बसला होता. द्वारकाबाईंना पाच मिनिटं आत सोडलं होतं. हेमा सिस्टर पलीकडे औषधं मोजत होत्या.

“किती?” ओव्हाळांनी विचारलं.

“काय किती?”

“फेरे.”

“दीड,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“कुणी केले?”

“मी.”

ओव्हाळांनी छताच्या जाळीकडे पाहिलं. “दोन नाही ना केले?”

“भाजी गार होतेय म्हटलं तरी तुम्ही बोलायचं थांबत नव्हता. दोन कसे करीन?”

“तू म्हणायचीस ऐकत नाही.”

“नाहीच ऐकत,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पडून राहा. बोलू नका. आणि ती साडी चांगली होती, काठ कापायच्या आधी विचारायचं असतं.”

ओव्हाळ हसायला गेले. टाक्यांनी तसं करू दिलं नाही.

एप्रिलमध्ये ते हलक्या कामावर परत रुजू झाले. जिने चढायची मनाई असल्यामुळे तिसऱ्या मजल्यावर आता श्रीधर जातो. त्याचा करार वाढवला आहे. सत्तावीस नंबर वाजला की तोच उचलतो आणि “आलो” म्हणतो. पोचायला त्याला दोन मिनिटं लागतात. त्यानं आपल्या ड्रॉइंगवर त्या चाकाशेजारी पेन्सिलीनं एक लहानशी गाठ काढली आहे. शाईनं काढायचं धाडस अजून झालेलं नाही.

त्या सोमवारच्या प्रसंगाची रीतसर चौकशी झाली. समितीनं दोन बैठका घेतल्या, श्रीधरचा जबाब घेतला, द्वारकाबाईंचा घेतला नाही कारण त्या आत गेल्याची नोंद नव्हती आणि जाण्यास मनाई होती. अहवाल पुढीलप्रमाणे : ‘शस्त्रक्रियोत्तर कक्षाचे तापमान काही काळ विहित मर्यादेखाली गेल्याचे निदर्शनास आले. उपस्थित कर्मचाऱ्यांनी तत्परता दाखवून भिंतीवरील थर्मोस्टॅटद्वारे तापमान पूर्ववत केले व त्यामुळे रुग्णाच्या प्रकृतीस असलेला धोका टळला. सदर उपकरण अत्यंत उपयुक्त असल्याचे सिद्ध झाल्याने त्याची तपासणी यापुढे वर्षातून दोन वेळा करण्यात यावी.’

वायर ओव्हाळांच्या खणात आहे.